लक्षणं आम्हाला पाठ होती

फोन आला तेव्हा मी सोलापुरात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बसले होते. पलीकडं आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक माने सर. "बाई... वंदनाबाई गेल्या." कुठं गेल्या, असं मी विचारलं. खरंच विचारलं. त्याच आठवड्यात मंद्रूपच्या शाळेतून आम्ही दोघी एकाच एस.टी.नं परतलो होतो, उतरताना तिनं उरलेल्या शेंगा माझ्या पिशवीत ओतल्या होत्या... दीड महिना होत आला, अजून ते माझ्या डोक्यात शिरत नाही.

वंदना मूळची यवतमाळकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळं इकडं आली आणि आमच्या शाळेत शिक्षिका झाली. तिला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात, हे तिनं पहिल्याच महिन्यात आम्हाला डबा खाता खाता सांगून टाकलं. आमचं आपलं एकच, हा विदर्भातला आजार, आपल्याकडं कुठला यायला! मग साक्षी निघाली. पाचवीतली पोर, यवतमाळकडूनच आलेल्या गवंड्याची. डोळे पिवळे म्हणून आईनं गळ्यात काविळीची माळ घातलेली, कवायतीत पाय दुखतात म्हणून माने सरांनी नाटकी ठरवलेली. वंदनानं तिचे डोळे नीट पाहिले, पाय कसे आणि कधी दुखतात ते विचारलं आणि मायलेकींना घेऊन सरळ सरकारी दवाखाना गाठला. रक्त तपासलं, तेच निघालं.

तेव्हापासून ती आम्हा शिक्षकांच्या हात धुऊन मागं लागली. सव्वीस जानेवारीच्या सरावाला रांग एकसारखी पांढरीशुभ्र दिसावी म्हणून पोरांचे स्वेटर उतरवायची आमची जुनी रीत. भर थंडीत वंदना मैदानावर जाऊन उभी राहिली. "सर, एकही स्वेटर निघणार नाही. साक्षीसारख्या पोरांच्या हाडात गारठा शिरला की दुखणं उसळतं." माने सर तडकले, "अहो बाई, परेड हाय का आठवडी बाजार?" पण स्वेटर राहिले. पुढं तर ती मधल्या सुट्टीत आमचीच तोंडी परीक्षा घ्यायची. ताप आला आणि छातीत दुखतंय, काय करायचं? धाप लागली, काय करायचं? मला कधी कधी कंटाळा यायचा, पण तिच्यापुढं कुणाचं काय चालणार! शेवटी शेवटी "थेट दवाखाना!" असं सगळ्यांत आधी माने सरच ओरडायचे.

आणि त्याच शाळेत, त्याच माणसांसमोर, मी नसताना, ती दुपारी छाती धरून खुर्चीत बसली. अंगात ताप होता. एकीनं ओवा दिला, दुसऱ्यानं सोडा मागवला. ॲसिडिटी असणार, उपास कशाला करता, असंही कुणीसं सुनावलं. तीही म्हणाली, "होईल कमी, दोनच तास तर राहिलेत." शाळा सुटेपर्यंत थांबली, घरी जाऊन पडली. पहाटे धाप लागली तेव्हा नवऱ्यानं दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता...

"एखाद्या पोराला झालं असतं तर मी तवाच गाडीवर घालून नेलं असतं की," माने सर मला रडत म्हणाले. "पर त्या बाई हुत्या. आमाला शिकवनाऱ्या. त्यास्नी काय हुतंय, असंच वाटलं बगा." त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. लक्षणं सगळ्यांना पाठ होती, पण ती विद्यार्थ्यांची म्हणून. तुझाही राग येतो वंदना, फार येतो. स्वतःचं दुखणं तूच कसं गं अंगावर काढलंस?

तिचा वर्ग आता माझ्याकडं आहे. पहिल्या दिवशी मी हजेरी घ्यायला लागले, तर पोरं एकेक उठून म्हणायला लागली, "हजर बाई, न्हाय दुकत." "हजर बाई, न्हाय दुकत." मी काही विचारलंच नव्हतं. मग कळलं, वंदना प्रत्येक नावापाठोपाठ विचारायची, कुठं दुखतंय का? पोरांच्या तोंडी ते उत्तर बसून गेलंय. साक्षीचा नंबर आला. "हजर बाई, न्हाय दुकत," म्हणाली, पण खाली बसेना. माझ्याकडं टक लावून बघत राहिली.

"आन तुमचं, बाई?"

वंदनाला हे आमच्यातल्या एकानंही कधी विचारलं नव्हतं.