लाइट बिलांची पिवळी चिंधी

ऑफिसात डबा खाताना एकीने फोनवर व्हिडिओ दाखवला. वस्तू टाकवत नाहीत, हा म्हणे आजार आहे. सगळ्या हसल्या. मी डब्याला झाकण लावलं. मग आमच्या डोंबिवलीच्या चाळीत धडधाकट कोण होतं? कोणाकडे धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, कोणाकडे रिकाम्या बरण्या. गावी माळ्यावर जे साठायचं ते इथे खाटेखाली आलं. उद्या लागलं तर, एवढंच कारण.

माझ्या आईकडे कागद होते.

मी घरातली पहिली पदवीधर. हे मी अभिमानाने सांगते, फुकट मिळालेलं नाही ते. बाबांना सहीपुरतं यायचं, आईला तेवढंही नाही. लग्नानंतर एकदा तिने एका कागदाने चूल पेटवली. तो रेशनचा निघाला, आणि बाबांना कचेरीत खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून आमच्या घरातून छापील अक्षर बाहेर गेलं नाही. बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, सगळं ट्रंकेत. गठ्ठा बांधायला जुन्या कपड्याची चिंधी.

चाळ पाडून इमारत बांधायचं ठरलं तेव्हा मी ठाण्याहून दोन रविवार जाऊन ट्रंक लावली. रद्दी काढली. आठ फोल्डर केले, लेबलं स्वतः लिहिली. माझं अक्षर सुंदर आहे. चिंध्या रद्दीवाल्याच्या पोत्यात टाकल्या.

"बघ, आता कसं दिसतंय!"

"छान दिसतंय," आई म्हणाली.

पुढच्या बुधवारी शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझ्या आईला वाचता येत नाही होय? इतक्या वर्षांत कळलंच नाही आम्हाला!"

बिल्डरचा माणूस खोलीच्या पुराव्यासाठी सगळ्यात जुनं लाइट बिल मागायला आलेला. आईने दोनदा भलताच फोल्डर आणला. "मावशी, वाचता येत नाही का?" तो गॅलरीत सगळ्यांसमोर म्हणाला, आणि सोमवारी येतो सांगून गेला. आईने दार लावून घेतलं. मागितलेला कागद क्षणात काढून देणारी बाई, अशी चाळीत तिची ओळख होती.

संध्याकाळी मी ऑफिसातून थेट डोंबिवलीला गेले. ती भाकऱ्या थापत होती. वळली नाही.

"बाबांच्या कंपनीच्या कागदांना त्यांच्या लुंगीची चिंधी," ती म्हणाली. "रेशनला लग्नातल्या साडीची. लाइटला माझ्या पिवळ्या पातळाची. तुझ्या शाळेच्या कागदांना तुझी निळी रिबीन."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू एवढी शिकलेली. म्हटलं, आता असंच करत असतील."

मी जेवले नाही. पुढचे तीन दिवस कामात लक्ष लागेना. फाइल उघडायची, मिटायची. पोतं केव्हाच गेलेलं, तरी त्या रद्दीवाल्याला दोनदा फोन केला. तो म्हणाला, "ताई, चिंध्यांसाठी?"

रविवारी मी एकेक लेबल वाचत गेले आणि आई बांधत गेली. पिवळं पातळ केव्हाच संपलं होतं. मी माझी हळदी ओढणी दिली. बाबा गेल्यावर त्यांची एक लुंगी तिने जपून ठेवली होती. लुंगीला कात्री लावताना तिचा हात थांबला. मग कात्री बाजूला ठेवून तिने काठ दाताने फाडला.

सोमवारी मी रजा घेतली. माणूस आला. काकू दारात येऊन उभ्याच. "ताई, तुम्हीच द्या ना शोधून," तो मला म्हणाला.

"कागद आईकडे असतात."

आई ट्रंकेशी बसली. तिने एका गठ्ठ्यावर हात ठेवला, काढला. दुसऱ्यावर ठेवला. ओढणी नवी, तिची नजर अजून बसलेली नाही. मी खाटेवर, तळवे मांड्यांखाली दाबून. उठले असते तर संपलंच होतं.

तिने पिवळी गाठ सोडली आणि तळचा कागद ओढून त्याच्यापुढे धरला.

त्याने उलटसुलट पाहिला. "हेच."

"सापडलं की गं!" काकू म्हणाल्या.

"हरवलं होतं कुठे?" आई म्हणाली.

तो गेल्यावर रिकामे आठ फोल्डर मी पिशवीत भरायला घेतले. तिने पिशवी माझ्या हातातून काढली आणि खाटेखाली सरकवली.

"असू दे गो. लागतील."