नळाजवळची गांडुळं

"सरक ना बाई जरा! तुझ्या एकटीचा कागद आहे का?"

हे आमची आत्या गांडुळाला म्हणायची. आवाज इतका खणखणीत, की घरी तिनं तोच सूर लावला तर बाबा आधी आपले पाय आवरून घ्यायचे आणि मग विचारायचे, "मला म्हणालीस का, ताई?"

आत्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं तंत्रज्ञ होती. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायचे. स्पिरिट आणि ओली माती यांचा तो एकत्र वास अजून नाकात आहे. तिचं काम म्हणजे गांडुळं खणून आणायची, धुवायची आणि दोन दिवस ओल्या टीपकागदावर उपाशी ठेवायची. सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचा. पोटातली माती पुरती उतरल्याशिवाय शेपटीचा तुकडा कापायचा नाही, नाहीतर डीएनए नासतो.

"मलाही ठेव दोन दिवस कागदावर. पोट उतरेल," बाबा म्हणायचे.

"तुला पुरेल एवढा कागद कुठून आणू?"

शेवटच्या वर्षी तिच्या मॅडमांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, गांडुळांसाठी मायक्रोसॅटेलाइट मार्कर तयार करायला घेतले. ते काय असतं, हे आत्यानं मला माझ्याच भाषेत सांगितलं. "तुझा बाप बोलायला लागला की 'म्हणजे कसं, म्हणजे कसं' दोनदा म्हणतो. काका पाचदा. तू नकला करताना मोजतेसच की! डीएनएतही तीच ती अक्षरं अशी लागोपाठ येतात, ज्याची त्याची मोजणी वेगळी. ती जागा नेमकी हुडकून देतो तो मार्कर."

"आणि जागाच सापडली नाही तर?"

"डीएनए तपासायची ती पारदर्शक, लिबलिबीत वडी असते ना, जेल? तिच्यावर पट्टा उठत नाही. कोरं करकरीत."

प्रयोगशाळेच्या बागेतल्या वाफ्यातल्या गांडुळांवरून बारा मार्कर बेतले, आणि त्यांच्यावर बाराही चालले. मागच्या नळाजवळच्या गांडुळांवर मात्र सातच, पाच कोरे. दिसायला दोन्ही अगदी सारखी. "नळाजवळची वेगळी आहेत हो, हातात घेतली की अंग चोरतात," असं आत्या पहिल्यापासून सांगायची. ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

मॅडमांनी चष्मा कपाळावर ढकलला. त्या शब्द तोलून तोलून टाकायच्या. "बाई... या वेळी... कागद... बदलले होते ना?"

"हो," आत्या म्हणाली. एवढंच.

त्या दिवशी ताटावर तिचा घास हातातच राहिला. निवृत्तीला चार महिने उरले होते. "सत्तावीस वर्षं एक कागद चुकवला नाही. आता जाताजाता हा डाग घेऊन जाऊ?" बाबांनीसुद्धा विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमांपुढे उभी राहिली. "पुन्हा करू. तुमच्या डोळ्यांदेखत."

नळाजवळची दहा आणि वाफ्यातली दहा, सगळी नवी आणली. दर वेळी कागद बदलला की आत्या जुना कागद मॅडमांपुढे धरायची, कोपऱ्यात सही घ्यायची. तिसऱ्या सहीला मॅडम ओशाळल्या. "अहो बाई... सही कशाला?"

"असू दे."

जेल आलं. वाफ्यातल्यांवर बारा. नळाजवळच्या दहाच्या दहांत सात, आणि कोरे तेच पाच.

"मातीनं नासलं असतं, तर दर वेळी नेमके हेच पाच कसे कोरे राहिले असते?" आत्यानं विचारलं.

मॅडमांनी कोऱ्या जागा बोटानं पुन्हा एकदा मोजल्या. "जात वेगळी दिसतेय, बाई... जवळची, पण वेगळी."

"तेच तर सांगतेय मी केव्हाची."

माफी वगैरे कुणी मागितली नाही. पण संध्याकाळी आत्या हात धुऊन आली, तर मॅडम बाह्या सरसावून नळाजवळच्यांचा कागद स्वतः बदलत होत्या. एक गांडूळ काही केल्या हलेना. मॅडमांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "सरक... ना... बाई... जरा."

आता आत्या घरीच असते. माझ्या बाकीच्या नकलांना ती "पुरे गं" म्हणते. ही एकच तिला पुन्हा पुन्हा ऐकायची असते. आणि मी घाईनं उरकली की लगेच टोकते, "अंहं. मॅडम मध्ये थांबल्या होत्या. नीट कर."