दुसऱ्या बाजूच्या शेवटी

नेलिदाच्या कॅसेट कंपनीचा सगळा कारभार आंकुद नावाच्या बंदरगावातल्या तिच्या लाकडी घराच्या स्वयंपाकघरात चाले. फ्रिजची घरघर टेपवर येऊ नये म्हणून आधी त्याचा प्लग काढायचा, मग गिटार घेऊन गायला बसायचं. कोपऱ्यात सासू, दोन्या एर्मिंदा, बटाटे सोलत असायची. तिचा मुलगा, म्हणजे नेलिदाचा नवरा, समुद्रात बुडाला तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

चाळीस कॅसेटी विकल्या गेल्यावर एका गिऱ्हाईकाचं पत्र आलं. ‘शेवटी बोलणाऱ्या त्या आजी कोण? आम्ही घरदार रडलो.’

"कसली आजी? डोकं फिरलंय मेल्याचं!" म्हणत नेलिदानं कॅसेट लावली. शेवटचं गाणं टेप केलं त्या दिवशी सरपणवाला आला, तेव्हा टेप चालूच ठेवून ती दाराशी धावली होती. आणि नकला काढताना तीच ती गाणी कोण ऐकतं म्हणून आवाज बंद ठेवला होता.

गाणं संपलं. दार वाजलं. आणि सासूचा आवाज आला, "ऐकलंस ना रे, बाळा? अजून तुझीच गाणी गाते ती. आवाज फाटका आहे, पण गाते."

नेलिदानं टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. चाळीस घरांनी ऐकलं, आणि एका चुलीपाशी राहून तिला पत्ता नाही!

"आई, बोलता येतं तुम्हाला?" ती ओरडलीच. "मग माझ्याशी का नाही बोललात?"

म्हातारीनं सुरी खाली ठेवली, भिंतीला धरत उठली आणि फ्रिजचा प्लग काढला.