शुद्धिस्थानाचा वतनदार

मेलेल्या माणसाला कुठं धाडायचं, हे देवानं आपल्याला विचारून ठरवावं असं माझ्या दिराला वाटतं. नोव्हेंबर लागला की त्याचा हा रुबाब वाढतो आणि माझं डोकं तापतं.

डोंगरकड्याच्या अलीकडं आमचं गाव. कॅथलिक घरं बोटांवर मोजावीत एवढीच. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आमच्या देवळात, म्हणजे चर्चात, फादर जीपनं येतात. प्रार्थनेत प्रत्येक घरातला मोठा पुरुष उभा राहून आपल्या गेलेल्यांची नावं घेतो, आणि एकेका नावामागं सगळे म्हणतात, "प्रभू, विसावा दे." माणूस मेला की लगेच स्वर्गात जात नाही. आधी शुद्धिस्थानात त्याचा मळ जळतो, आणि मागं राहिलेल्यांच्या प्रार्थनेनं त्याची वाट सोपी होते, असं आम्ही मानतो.

मी नवी नवरी असताना तेव्हाच्या फादरांनी हे भट्टीतल्या सोन्याचा दाखला देऊन सांगितलं. मी मधेच तोंड घातलं, "म्हंजी हळदीवाणी का? खणायची, शिजवायची, उन्हात वाळवायची, मग बाजारात?" फादर हसून "बराबर" म्हणाले, आणि मी स्वतःला अर्धी सिस्टर समजू लागले. सासऱ्यांच्या आत्म्यासाठी चहा सोडला. वर फादर दिसले की विचारायची, "सासरे अजून शिजूनच राहिले का वाळत घातले?" नवरा म्हणायचा, "चहावाचून तूच आधी जाशील त्यायला भेटायला." अशी मी महाबावळट.

तो बावळटपणा कुणाला लागला नाही. दिराचं शहाणपण लागतं.

त्याच्या बायकोनं, माझ्या धाकट्या जावेनं, विहिरीत जीव दिला. त्याआधी तिनं काय काय सोसलं ते आमच्या घराच्या भिंतींना विचारा. माझा नवरा होता तोवर तिचं नाव दर साली घ्यायचा. तो गेला, दीर घरात मोठा झाला, आणि नाव गळालं. माझा एक चुलतसासरा दारू पिऊन नालीत मेला, त्याचं नाव मात्र दीर गळा काढून घेतो.

यंदा जावेची लेक शिरड शहापूरहून, सासरहून आली. म्हणाली, "मोठी माय, बाबा यंदा तरी मायचं नाव घेतील का?"

मी तशीच उठले. दीर ओट्यावर मिशा कातरत बसला होता.

"भावजी, तिला काहून गाळता?"

"वयनी, जीव देणारीला शुद्धिस्थान न्हाई. ती थेट खाली."

"तुमी सोडून आलते का तिथवर?"

"धर्म हाय तो."

"फादर तर म्हणून राहिले, तिच्यासाठीबी मागा. शेवटच्या घडीला तिच्यात अन् देवात काय झालं, कोणाला ठाव?"

"फादर बदलून जातील. घरातला मोठा मी हाय."

मोठा म्हणे. बायकोला विहिरीच्या काठापर्यंत यानंच नेलं, आणि आता नरकाची किल्लीही याच्याच कमरेला.

प्रार्थनेत तो उभा राहिला. आई, बाप, भाऊ, तो दारुडा चुलता, भरभर उरकलं. प्रत्येक नावामागं लोक म्हणत होते, तोही म्हणत होता. तो खाली टेकणार एवढ्यात मी उठले आणि बांधावरून हाक मारावी तसं जावेचं नाव घेतलं.

"प्रभू, विसावा दे," सगळं देऊळ म्हणालं. लागलेल्या सवयीनं दीरही म्हणाला, चांगल्या भरदार आवाजात. म्हणून झाल्यावर त्याला कळलं.

बाहेर आल्यावर माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "वयनी, तुमी फसवलं मला."

"मंग जा आत," मी म्हणाले. "देवाला म्हणा, तोंडातून गेलं, आमची बायको परत खाली धाडा. लेकीसमोर म्हणा."

लेक मेणबत्ती घेऊन पाठीमागंच उभी होती. त्यानं वहाणा घातल्या आणि घराकडं चालू लागला.