दोन्ही तारा काळ्या

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. ओझरच्या कॉलनीत वर्षानुवर्षं गणपतीच्या कार्यक्रमांचं निवेदन करणारा माणूस आता वहीत लिहून चहा मागतो. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात उरली होती. ती मला त्यांना ऐकवायची होती, आणि तीही अशी की माणूस समोर उभा राहून बोलतोय असं वाटलं पाहिजे.

जुना कॅसेट डेक दुरुस्त करून आणला. अँप्लिफायर आणि स्पीकर घरात होतेच. स्पीकरला जोडायची केबल मात्र मी स्वतः करणार, हे जाहीर करून टाकलं. नाशिक रोडच्या एका दुकानातून घराच्या वायरिंगची तांब्याची तार आणली, तिचे दोन पदर घेऊन एक टोक गॅलरीच्या ग्रिलला बांधलं, दुसरं ड्रिल मशीनमध्ये अडकवून झकास पीळ दिला. दोन्ही तारा काळ्या. लाल-काळी जोडी मला बाजारू वाटली होती. अतिशहाणपणा नडतो तो असा.

कॅसेट लावली. आवाज आला, पण पातळ, पोकळ, खोलीभर पांगलेला. बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि वहीत लिहिलं, ‘हा मी नाही.’ वही मिटून ते आतल्या खोलीत निघून गेले. मला आधी राग आला, आणि मग भीती वाटली. टेपच खराब झाली असेल तर?

“अहो, तयार केबल आणा ना,” बायको म्हणाली.

“या घरात तयार केबल येणार नाही,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मांडी ठोकून बसलो. एक स्पीकर काढला तर आवाज ठणठणीत. दुसरा जोडला की पुन्हा मरगळलेला. म्हणजे टेप शाबूत होती, घोळ माझाच होता. काळ्या तारांच्या गोंधळात एका बाजूचं प्लस-मायनस उलटं लागलं होतं. एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा, आणि त्या ओढाताणीत बाबांचा आवाज विरून जायचा. मीटर लावून एकेक तार ओळखली, खुणेसाठी टोकांना बायकोचं लाल नेलपॉलिश फासलं आणि सगळं पुन्हा जोडलं. बाबा यायला तयार नव्हते. हाताला धरून आणलं.

या वेळी आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून आला. भरदार, किंचित वैतागलेला. “चला, आवरा लवकर. सगळे खोळंबलेत.”

आई तेवढ्यात भाजी घेऊन दारात आली होती. चपला काढता काढता ती म्हणाली, “आले हो. जरा म्हणून दम धरवत नाही तुम्हाला.”

मग तिने वर पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते, ओठ मिटून. पिशवी तिच्या हातातच राहिली. मी डेक बंद करायला उठलो, तर तिने अडवलं.

“ते ‘आवरा’ म्हणाले ना,” ती म्हणाली, “तेवढंच परत लाव.”