शिसवी टेबलाचे खण

बाबा गेल्यावर त्यांचं लिहायचं जुनं शिसवी टेबल विकायचं ठरलं. ताई आणि मी ते रिकामं करत होतो. मी खालचा खण आत लोटला आणि वरचा आपोआप बाहेर आला.

"आई गं!" ताई किंचाळली. माझ्याही अंगावर काटा आला.

वरचा लोटला, तर खालचा बाहेर! मग उमगलं, सुताराने खण इतके चपखल बसवले होते की आतल्या हवेला निसटायला फटच नव्हती. ती दुसऱ्या खणाला ढकलत होती. कधीच न भेटणाऱ्या माणसांसाठी कुणी इतका जीव ओततं?

ताई अजून खणाकडेच बघत होती. "बाबांना हे माहीत असणार," ती म्हणाली. "आपल्याला मात्र कधी हातसुद्धा लावू दिला नाही."