पाठमोरा चढलो

त्याआधी मी एकदाच हवेत गेलो होतो, तोही आडवा. स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधलेला, वर हेलिकॉप्टरचं छत. खिडकी कुठं होती कुणास ठाऊक! म्हणून सोलापूरहून गोव्याला विमान जातं हे कळलं, तेव्हा मी सगळ्यात आधी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, बजावलं : खिडकीची सीट माझी.

मी हवालदार बिरुदेव वाघमोडे, निवृत्त, गाव नातेपुते. शेवटची पोस्टिंग उत्तरेत, सीमेवर. तिथं कमरेत गोळी शिरली आणि कमरेखालचं शरीर कायमच्या रजेवर गेलं. तेव्हापासून चाकाची खुर्ची हीच माझी गाडी.

गोव्याला समुद्र बघायला जायचं नव्हतं. माझा बडी, नायक रोहिदास गावडे, तिथला. फौजेत प्रत्येकाला एक बडी असतो. जेवण, पहारा, गस्त, सगळं जोडीनं. एकानं पुढं बघायचं, दुसऱ्यानं मागं. मला गोळी लागली त्याच दिवशी रोहिदास गेला. त्याला गावी नेलं तेव्हा मी हॉस्पिटलात होतो. त्याच्या आईला, माईंना, पलटणीच्या साहेबांनी सगळं नीट सांगितलं होतं. पण साहेब त्या जागी नव्हते. मी होतो. दर गणेश चवथीला मी फोन करायचो आणि माई एकच म्हणायच्या, "फोनाचेर नाका. हांगा येवन सांग." फोनवर नको, इथं येऊन सांग.

आणि मला जाता येत नव्हतं. कडक बाकावर फार वेळ बसलो किंवा पडलो की मला चट्टे पडतात. दुखत नसल्यामुळे कळतही नाही. एकदा हट्टानं रेल्वेनं निघालो, तर मिरजेतून परत फिरावं लागलं आणि पुढं कित्येक महिने पालथा पडून होतो. जीपमध्ये गादी टाकून सोलापूर गाठता येतं, पण घाटाचे हादरे डॉक्टरांनी साफ मना केले. तिकडं माईंची नजर गेली. गेल्या चवथीला फोनवर त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की आधी मला ओळखूच आला नाही. आता नाही तर कधीच नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

विमान म्हणजे तासाभराचं काम. तिकिटं काढली आणि मला पुन्हा मूव्ह ऑर्डर निघाल्यासारखं वाटायला लागलं.

फौजी माणूस रिहर्सलशिवाय कुठं जात नाही. अंगणात वाळूचं मॉडेल केलं. रांगोळीनं रनवे आखला आणि विमान म्हणून सुनंदाचं लाटणं ठेवलं.

"आवं, चपात्या करायच्या हायत. आना हिकडं माजं विमान," ती म्हणाली.

"ब्रीफिंग चालू आहे."

"लई झालं तुमचं बिरफिंग. मेंढरंसुदीक बगाय लागल्यात."

छोट्या विमानाला दारातच जिना असतो आणि तिथं खुर्ची उचलून चढवावी लागते, हे तिकीट काढतानाच सांगितलं होतं. म्हणून मेव्हणा दत्ता आणि एक शेजारी, अशी टीम तयार केली. रोज सकाळी मला खुर्चीसकट गच्चीवर चढवायचं, एकानं उजवीकडून, दुसऱ्यानं डावीकडून. माझी एकच सक्त ऑर्डर होती, तोंड पुढं. फौजी पाठ दाखवून कुठं शिरत नाही. आमच्या गच्चीचा जिना बैल चढेल एवढा रुंद आहे, हे मात्र मॉडेलमध्ये धरायचं राहून गेलं.

विमानतळावर सगळं झटपट झालं. माझी गाडी टॅग लावून सामानात गेली आणि मला एका अरुंद खुर्चीत बसवलं. छातीवरून पट्टे आवळले. पट्ट्यांमुळे क्षणभर स्ट्रेचर आठवलं, पण समोर पंख्याचं पांढरं विमान उन्हात उभं होतं आणि माझं काळीज नव्या रंगरुटासारखं उड्या मारत होतं. सुनंदा मात्र देवाचं नाव घेत होती.

खुर्ची उचलायला दोघं होते. त्यातला इरफान सोलापूरचाच, दंडानं दणकट.

"चाचा, उल्टा लेके जाते. पीठ ऊपर, मूं नीचे."

"नाही. तोंड पुढं."

"ऐसा नक्को चाचा, जीना छोटा है."

"आमची रिहर्सल झाली आहे," मी म्हणालो.

इरफाननं जोडीदाराकडं बघितलं आणि माझ्या वयाचा मान राखला. त्या जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे. बाजूला उभं राहायला जागाच नाही. एक मागं, एक पुढं, असं त्यांनी मला उचललं. दोन पायऱ्या गेल्या. तिसरीवर माझे पाय अडकले, खुर्ची पुढं कलंडली आणि सुनंदानं जी आरोळी ठोकली ती रनवेच्या दुसऱ्या टोकाला गेली असेल. इरफाननं मागून कसंबसं तोललं. मला पुन्हा खाली आणलं.

खिडक्यांतून प्रवासी बघत होते. ड्यूटीवरच्या मॅडमच्या वॉकीटॉकीतून विमानाच्या कॅप्टनचा आवाज आला.

"ग्राउंड, स्टेटस?"

"सर, व्हीलचेअर पॅसेंजर. पहिला प्रयत्न जमला नाही. ओव्हर."

"आणखी एक प्रयत्न. सेफ नसेल तर ऑफलोड. ओव्हर."

ऑफलोड! फौजेत हा शब्द मी पोत्यांसाठी वापरला होता.

मॅडम वाकून म्हणाल्या, "काका, आता एकदाच. नाहीतर नाइलाज आहे."

सुनंदा पुढं आली. पदर कमरेला खोचलेला.

"आवं, तितं माई वाट बगत्यात. त्यास्नी तुमची पाठ दिसती का त्वांड, त्यांची नजर तरी हाय का? ऐका की त्याचं!"

सासरेबुवांनी पोरगी नव्हे, सुभेदार मेजर दिला होता मला. मी म्हणालो, "इरफान, अबाऊट टर्न. कमांड तुमची."

त्यांनी खुर्ची फिरवली. इरफान वरच्या पायरीवर गेला, माझ्या दोन्ही खांद्यांमागचे दांडे पकडले आणि कानाशी म्हणाला,

"तुम सामने देखो चाचा. पीछे का मै देखता."

हे मी आधी ऐकलं होतं. हेच शब्द. मराठीतून.

त्या दिवशी आम्ही नाल्याच्या काठानं गस्तीवर होतो. समोरच्या डोंगराच्या धारेवरून फायर आला. मी पडलो. पाय हलेनात. रोहिदास मागून आला आणि त्यानं माझ्या पाठीवरच्या पिठ्ठूचे, फौजी पिशवीचे, खांद्यावरचे दोन्ही पट्टे धरले. "तू पुढं बघ, बिरू. मागचं मी बघतो." तो मला उलटा ओढत राहिला, मी समोर फायर करत राहिलो. शेवटी आम्ही एका मोठ्या दगडाआड आलो. वायरलेस सेटवर रिपोर्ट गेला, वन कॅज्युअल्टी. मी त्याला म्हणालो, पोचलो रे. उत्तर आलं नाही. दुसरा रिपोर्ट गेला, टू कॅज्युअल्टी. त्याची मूठ पट्ट्यावर तशीच होती. मेडिकनं एकेक बोट उघडून ती सोडवली.

माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी चाल मी पाठमोरा चाललो होतो आणि हे मी जिन्याखाली विसरलो होतो.

"एक," इरफान म्हणाला. "दो." प्रत्येक पायरीला मी वर आणि सोलापूर खाली. आधी मॅडम दिसल्या, मग गाड्या, मग कुंपणापलीकडं टॉवेल हलवणारा दत्ता. मी त्याला सॅल्यूट ठोकला. दारात पोचलो तेव्हा आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी होत्या की वेळेवर निघणार म्हणून, मी विचारलं नाही.

खिडकी मिळाली. विमान धावायला लागलं तसं सुनंदानं डोळे मिटून माझा हात पिळला.

"पोचलं का वं?"

"अजून उठलंसुद्धा नाही."

मग ते उठलं! शेतांचे तुकडे, उसाचे हिरवे पट्टे, भीमेचं वळण, सगळं एका खिडकीत मावलं. मी लहान पोरासारखा ओरडून तिला बोलवत होतो. तिनं एक डोळा उघडला, "लई ग्वाड दिसतंय की," म्हणाली आणि परत मिटला.

गोव्यात रोहिदासच्या घरी माई ओसरीत बसल्या होत्या. इतक्या लहान दिसत होत्या की मी खुर्ची थेट त्यांच्या गुडघ्यांपाशी नेली.

"बिरू? आयलो रे पुता?"

"आलो, माई."

मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. शेवटी त्यांनी विचारलं,

"ताचें तोंड कशें आशिल्लें?"

"तोंड दिसलं नाही, माई. तो माझ्या मागं होता. हात मात्र शेवटपर्यंत माझ्यावर होते."

"खंय?"

मी त्यांचे हात धरून माझ्या दोन्ही खांद्यांवर ठेवले, पट्टे असायचे तिथं. त्या चाचपडत उठल्या, खुर्चीला धरून माझ्या मागं आल्या आणि त्यांनी माझा सदरा दोन्ही मुठींत धरला. कपाळ माझ्या डोक्यावर टेकवलं. मी रडलो. सुनंदाही रडली.

नायक रोहिदास गावडे, माझा बडी. त्याची मूठ सोडवावी लागली होती. माईंची मूठ आपोआप सुटेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.